नक्कल कुणाच्या ताब्यात

भंडारा जिल्ह्यातल्या एखाद्या तरुणाला आज जातवैधता प्रमाणपत्र काढायचे असेल, तर स्वतःबद्दल त्याला फारसे काही सिद्ध करावे लागत नाही. सिद्ध करायचे असते ते आजोबा-पणजोबांबद्दल. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त आणि भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ : या तारखांआधीचा कागद समितीपुढे ठेवता आला, तर दाव्याला बळ येते. म्हणून शोध सुरू होतो. शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर, तहसीलच्या रेकॉर्ड रूममधली कोतवाल पंजी, १९५४-५५ चा अधिकार अभिलेख, त्याआधीची बंदोबस्ताची मिसल. नवल असे की हा कागद पुष्कळदा सापडतो. वाळवी, ओल, वैनगंगेचे पूर, ४५ अंशांवर जाणारा उन्हाळा आणि मध्य प्रांत, मध्य प्रदेश, मुंबई, महाराष्ट्र अशी बदलत गेलेली राज्याची नावे, एवढे सगळे सोसून तो सापडतो. उलट पंधरा वर्षांपूर्वी त्याच कुटुंबाने कॉम्प्युटरवर ठेवलेले दाखले आणि फोटो विचारले, तर ‘ती डिस्क उडाली’ हे उत्तर कुणालाही ओळखीचे आहे. यातून कागद मजबूत आणि डिस्क नाजूक असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, पण तो चुकीचा आहे. जुनी नोंद टिकली ती तिची दुसरी प्रत दुसऱ्या माणसाच्या ताब्यात होती आणि त्या माणसाला जाब विचारणारा तिसरा कुणी होता म्हणून. साधन बदलताना आपण ही मांडणीच टाकून दिली. शिवाय जुन्या काळी निव्वळ गैरसोयीमुळे जे संरक्षण माणसाच्या खासगी माहितीला आपोआप मिळत होते, ते आता मुद्दाम उभारावे लागणार, हेही आपल्या ध्यानात आले नाही.

नागपूरचे भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले, १८६१ मध्ये मध्य प्रांत बनला आणि त्याच दशकातल्या बंदोबस्तात भंडाऱ्यातली बहुतेक गावे मालगुजारांच्या मालकीची ठरली. सारा मालगुजाराने भरायचा, रयतेकडून त्याने वसूल करायचा. अशा गावात जमिनीचा हिशेब फक्त मालगुजाराच्या वाड्यावर राहिला असता, तर तो त्याच्या मर्जीचा हिशेब झाला असता. म्हणून पटवारी महत्त्वाचा. खसरा, जमाबंदी, गावचा नकाशा हे त्याचे कागद. ते दरवर्षी नव्याने भरायचे, तपासून घ्यायचे आणि पुढे सरकारी दप्तरात जमा करायचे. फडक्यात बांधलेला पटवाऱ्याचा बस्ता गावात आणि जमा झालेले कागद सदरच्या ठिकाणी, अशी दोन ठिकाणे. बंदोबस्ताच्या वेळी आणखी एक कागद बने, तो वाजिब-उल-अर्ज. गावच्या रिवाजांची ती नोंद. कोहळी समाजाने बांधलेल्या तलावांच्या या जिल्ह्यात तिला मोल होते, कारण कोणत्या तलावाचे पाणी कोणत्या बांधीला आधी लागेल, हा इथे जगण्याचा प्रश्न होता. ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी गेली तेव्हा या दुहेरी मांडणीचा उपयोग दिसला. मालकी हक्क काढून घेणाऱ्या सरकारला गावात काय-काय आहे हे मालगुजारालाच विचारत बसावे लागले नाही. त्याच्या घराबाहेर त्याच गावाची दुसरी नोंद उभी होती. पुढे १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनेही निस्तार पत्रक, म्हणजे चराई-सरपणासारख्या गावाच्या सामायिक वापराची नोंद, आणि वाजिब-उल-अर्ज या दोन्हींना १६१ ते १६७ या कलमांत जागा दिली. उर्वरित महाराष्ट्राला हे शब्द परके वाटतात; भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत ते अजून कोर्टात बोलले जातात.

जमिनीपेक्षा माणसाची नोंद ही अधिक नाजूक गोष्ट, आणि ती कोतवालाकडे होती. मध्य प्रांतात जन्म-मृत्यू कळवण्याचे काम गावच्या कोतवालाचे. नागपूर-भंडाऱ्याच्या पट्ट्यात कोतवाल बहुधा महार समाजातला, आणि लिहिता-वाचता न येणारा. त्याच्याजवळ वही असे. गावात मूल जन्मले किंवा कुणी मेले की पटवारी, मास्तर किंवा पटेल यांपैकी कुणाकडून तरी तो नोंद लिहून घेई आणि ठरलेल्या दिवशी वही घेऊन पोलीस ठाण्यात हजर होई. तिथला लेखनिक ती नोंद ठाण्याच्या रजिस्टरात उतरवून घेई. म्हणजे एक नोंद, दोन वह्या, तीन माणसे. ज्याला अक्षर शिकू दिले नाही त्याच्याच काखेत गावाच्या जन्ममृत्यूची वही होती, हा विरोधाभास क्रूर आहे. पण कारभाराच्या बाजूने पाहिले तर लिहिणारा आणि वाहून नेणारा वेगवेगळे ठेवल्याने कोतवालाला स्वतःहून मजकूर बदलता येत नव्हता आणि लिहिणाऱ्याला वही दडपता येत नव्हती. आणखी एक बारकावा. ठाण्यापासून वर, आरोग्य खात्याकडे जात ते आकडे : इतके जन्म, इतके मृत्यू, त्यांत तापाचे किती, पटकीचे किती. देवीची साथ मोजायला बाळाच्या आईचे नाव नागपूरला कळण्याची गरज नव्हती. नाव खाली राहिले, संख्या वर गेली. हे कुणी खासगीपणाच्या तत्त्वासाठी केले नव्हते; हाताने नक्कल करणाऱ्याला नावे उतरवण्याचा कंटाळा आणि खर्च परवडत नव्हता, एवढेच.

इथे पहिला आक्षेप येणार, आणि तो रास्त आहे. हे चित्र फार सोज्वळ नाही का? पटवाऱ्याच्या लेखणीने किती जमिनी इकडच्या तिकडे झाल्या, हे विदर्भात कुणाला सांगायला नको. कोतवाल पंजीत मुलाचे नाव बहुधा नसतेच, ‘अमक्यास मुलगा’ एवढेच असते; मुलींच्या बाबतीत तर त्याहून हयगय. जातीचा रकाना लिहिणाऱ्याच्या समजुतीवर भरला जाई. पवनी आणि मोहाडीच्या विणकरांची गोष्ट याचे ठसठशीत उदाहरण आहे. कुठे ‘हलबा’, कुठे ‘कोष्टी’, कुठे ‘हलबा कोष्टी’ अशा नोंदींवरून पिढ्यानपिढ्या खटले चालले आणि २८ नोव्हेंबर २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने हलबा कोष्टी म्हणजे अनुसूचित जमातीतले हलबा असे वाचता येणार नाही, हा निकाल दिला. धंदा लिहिला की जात, हे शंभर वर्षांपूर्वी ज्याने लेखणी धरली त्यालाच ठाऊक; भोगले ते नातवंडांनी. तेव्हा जुने दप्तर सत्याचे भांडार होते असे म्हणण्यात अर्थ नाही. पण हा आक्षेप माझ्या मुद्द्याला धक्का लावत नाही, उलट टेकू देतो. फेरफार झाला हे कळते कशावरून? पटवाऱ्याकडचा कागद आणि रेकॉर्ड रूममधला कागद जुळत नाहीत यावरून. दाव्यातली विसंगती दिसते कशावरून? शाळेचे रजिस्टर एक सांगते आणि कोतवाल पंजी दुसरे, यावरून. नोंद खरी असेलच याची हमी दुसरी प्रत देत नाही. खोटी असेल तर ती उघडी पडण्याची वाट मात्र ठेवते. एकच प्रत असेल तर खोटेही निर्विवाद होते.

जुन्या मांडणीतली सर्वांत दुर्लक्षित गोष्ट रेकॉर्ड रूमच्या खिडकीवर सापडते. नक्कल मागायची तर अर्ज, त्यावर कोर्ट फीचे तिकीट, आणि मिळालेल्या नकलेच्या मागच्या बाजूला शिक्का : अर्ज कधी आला, नक्कल कधी तयार झाली, कधी दिली, फी किती घेतली. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या ७६ व्या कलमानुसार ज्याला एखादा सार्वजनिक दस्तऐवज पाहण्याचा हक्क आहे, त्याला तो ताब्यात असलेल्या अधिकाऱ्याने फी घेऊन, सही-शिक्क्यानिशी नक्कल द्यायची असे. कलमात तीन गोष्टी ठरून जात : ताबा कुणाचा, हक्क कुणाचा आणि सही कुणाची. अर्जांच्या नोंदवहीत मागणाऱ्याचे नाव राहते. म्हणजे कुणी कुणाचा कागद पाहिला याचा हिशेब, ज्याला आजचे संगणकतज्ज्ञ ‘लॉग’ म्हणतात, तो तहसीलच्या कारकुनाकडे शंभर वर्षे होता. आणि खिडकीवरचा त्रास हेच एक कुलूप होते. शेजाऱ्याच्या घराण्याची वंशावळ निव्वळ उत्सुकतेपोटी काढायला कुणी लाखांदूरहून भंडाऱ्याला येऊन दोन दिवस घालवत नसे. ज्याला गरज तोच येई. या त्रासाने गरिबाचे हाल केले, दलालांची पोटे भरली, हे सगळे मान्य. त्रास गेला हे चांगलेच झाले. प्रश्न एवढाच की त्रासासोबत कुलूपही गेले, त्याच्या जागी काय बसवले?

सप्टेंबर १९५६ मध्ये आयबीएम कंपनीने रॅमॅक नावाचे यंत्र जाहीर केले. त्यातली ३५० क्रमांकाची साठवण-पेटी ही जगातली पहिली हार्ड डिस्क : २४ इंची पन्नास तबकड्या, वजन टनाच्या आसपास, आणि मावणार सुमारे ५० लाख अक्षरे. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, १ नोव्हेंबर १९५६ ला, भंडारा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला. या दोन घटनांचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. पण काळाचे माप म्हणून त्या शेजारी ठेवाव्यात. त्या ५० लाख अक्षरांत एका मध्यम तालुक्याच्या काही वर्षांच्या कोतवाल पंज्या बसल्या असत्या. आज बोटाएवढ्या पेन ड्राइव्हमध्ये जिल्ह्याचे सगळे दप्तर मावेल, आणि अडचण नेमकी तिथेच सुरू होते. साठवण महाग होती तोवर काय ठेवायचे, कुठे ठेवायचे, कुणी सांभाळायचे हे ठरवावे लागे. ती स्वस्त झाल्यावर ठरवणे थांबले. सगळे एका जागी मावते म्हणून सगळे एकाच जागी राहिले. डिस्क दिसायला परिपूर्ण असते : शोधले की सापडते, हवे तेव्हा छापता येते, म्हणून दुसरी प्रत काढावी असे वाटतच नाही. बस्त्याकडे पाहताच वाळवीची भीती मनात येई. डिस्ककडे पाहून कसलीच भीती वाटत नाही.

वास्तविक भीती वाटावी अशी तिची रचना आहे. मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेणाऱ्या तबकडीवर वाचणारे टोक केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्श्याहूनही कमी अंतरावर तरंगत असते. चालू असताना बसलेला धक्का, अचानक गेलेली वीज, बेअरिंगची झीज, कशानेही ते टोक तबकडीला टेकू शकते. गूगलच्या अभियंत्यांनी २००७ मध्ये आपल्या लाखभराहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पहिल्या वर्षी वार्षिक बिघाडाचे प्रमाण १.७ टक्के होते, तिसऱ्या वर्षी ते ८.६ टक्क्यांच्या पुढे गेले. आणि बंद पडलेल्यांपैकी एक-तृतीयांशाहून अधिक डिस्कांच्या अंतर्गत तपासणीत बिघाडाचे एकही लक्षण उमटले नव्हते. तपमानाचा परिणाम मात्र अपेक्षेपेक्षा कमी निघाला, असेही त्यात आहे. तेवढ्याने तुमसरच्या पत्र्याखालच्या दुकानाने निर्धास्त होऊ नये. तो अभ्यास थंड ठेवलेल्या केंद्रांतला आहे, आणि विदर्भाने विजेच्या भारनियमनात काढलेल्या वर्षांची त्यात गणती नाही. त्यात पूरही नाही. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशातल्या संजय सरोवराचे पाणी सोडल्यावर वैनगंगा भंडारा शहरात शिरली. तळमजल्यावरच्या टेबलाखाली ठेवलेला संगणक अशा वेळी बस्त्याइतकाच असहाय असतो. बस्ता निदान वाळवून काही पाने वाचवता येतात. सॉलिड स्टेट ड्राइव्हमध्ये फिरणारे काही नसते म्हणून ती धक्का सोसते, पण मरते तेव्हा बहुधा कुरकुर न करता एकदम मरते. यावर उपाय म्हणून जगभर सांगितला जाणारा नियम असा : तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या गावी. पटवारी, तहसील आणि सदर यांची मांडणी आठवणाऱ्याला यात नवे काय ते शोधावे लागेल.

कागदाच्या बाजूने बोलणाऱ्यांना इथे आनंद होईल, म्हणून २१ जून २०१२ ची आठवण दिली पाहिजे. त्या दिवशी मुंबईत मंत्रालयाला लागलेल्या आगीत वरच्या मजल्यांवरच्या फायली जळाल्या. ज्या फायलींची दुसरी प्रत खालच्या कार्यालयांत होती त्या पुन्हा उभ्या करता आल्या. नव्हती त्यांचे काय व्हायचे ते झाले. आणि यंत्राच्या बाजूने बोलणाऱ्यांसाठी मार्च २०२१ : महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या सर्व्हरांवर खंडणीखोर विषाणूचा हल्ला झाला आणि कामकाज ठप्प पडले. असा विषाणू मजकूर कुलूपबंद करतो आणि किल्लीसाठी पैसे मागतो. संगणकाला कायम जोडून ठेवलेली दुसरी डिस्कही तो त्याच झटक्यात बंद करतो. तेव्हा ‘बॅकअप आहे’ एवढे म्हणून भागत नाही. ती प्रत मूळ प्रतीपासून तोडलेली असावी, आणि अधूनमधून उघडून वाचून पाहिलेली असावी. न उघडलेला बॅकअप ही निव्वळ श्रद्धा आहे.

उघडून वाचणे म्हटले की एक वेगळाच घोळ समोर येतो. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली कुणबी नोंदी शोधण्यासाठी समिती नेमली आणि गावोगावची जुनी दप्तरे उघडली गेली. कागद होते, पण पुष्कळ मोडीत होते, आणि मोडी वाचणारी माणसे शोधून आणावी लागली. शाई शाबूत आणि वाचणारा गायब. हेच संगणकावर पंचवीस वर्षांत होऊन बसले आहे, फक्त त्याचा गाजावाजा झाला नाही. १९९० च्या दशकात आणि नंतरही मराठी मजकूर ज्या खासगी फॉन्टांत टाइप झाला, त्यांची प्रत्येकाची संकेतरचना वेगळी. युनिकोड रूढ झाल्यावर त्या फायली आजच्या संगणकात उघडल्या तर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. शाळांचे निकाल, ग्रामपंचायतींचे ठराव, सहकारी संस्थांच्या सभासद याद्या अशा रूपात जुन्या डिस्कांवर पडून आहेत. मोडीला निदान वाचणारे मिळाले, कारण ती लिपी कुणा एका कंपनीची नव्हती. फॉन्ट विकणारा दुकान बंद करून गेला तर किल्ली कुणाकडे मागायची? जपणूक म्हणजे डिस्क शाबूत ठेवणे इतकेच नव्हे. दर काही वर्षांनी मजकूर चालू रूपात उतरवून ठेवणे हा त्यातला मोठा भाग आहे, आणि नक्कलनविसाची नोकरी गेल्यापासून हे काम कुणाचेच नाही.

सातबाराच्या संगणकीकरणात सरकारला हे थोडे उमगलेले दिसते. हस्तलिखित सातबारा संगणकात उतरवताना चुका राहिल्या. नावे गळाली, क्षेत्र चुकले, बोजा एकाचा दुसऱ्यावर चढला. मग २०१७ च्या उन्हाळ्यात चावडी वाचनाची मोहीम निघाली. गावकऱ्यांना जमवून संगणकातला सातबारा मोठ्याने वाचायचा आणि ज्याची चूक त्याने तिथेच सांगायची. त्यानंतर १ मे २०१८ पासून तलाठ्याच्या डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. मला या साऱ्या प्रवासात चावडी वाचन ही सर्वांत शहाणपणाची पायरी वाटते. यंत्राच्या प्रतीची तुलना दुसऱ्या यंत्राशी न करता माणसांच्या आठवणीशी केली गेली. ती तिसरी प्रत होती. पण त्याच चावडीवर दुसरी गोष्टही घडते. कुणाच्या जमिनीवर कोणत्या सोसायटीचे किती कर्ज, कोणत्या बहिणीने हक्कसोड केली, कोणत्या घरात वाटणीचा दावा चालू आहे, हे सगळ्या गावासमोर वाचले जाते. अचूकपणासाठी उघडेपणा लागतो आणि उघडेपणाने घराची इभ्रत उघडी पडते. ही ओढाताण खरी आहे. ती नाहीच असे म्हणणाऱ्यांचे कायदे कागदावरच राहतात.

म्हणून दुसऱ्या आक्षेपाला नीट उत्तर दिले पाहिजे. तो असा : भंडाऱ्यासारख्या धान पिकवणाऱ्या, मजुरीवर जगणाऱ्या जिल्ह्यात खासगी माहितीचे संरक्षण हे शहरी लाड आहेत; गावात सगळ्यांना सगळे ठाऊक असतेच, आणि दप्तर उघडे असणे हेच गरिबाच्या हिताचे. यातला अर्धा भाग मला पूर्णपणे मान्य आहे. तलावाच्या पाण्यावरचा हक्क, गायरान, जंगलातला निस्तार, रोजगार हमीची हजेरी हे सगळ्यांचे आहे आणि सगळ्यांना दिसले पाहिजे. वाजिब-उल-अर्ज कुलपात गेला तर त्याचा फायदा अतिक्रमण करणाऱ्याला होतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकार कायद्याच्या ८(१)(ञ) कलमात बदल करून सार्वजनिक हिताची तिथली अट काढली, त्याबद्दल कार्यकर्त्यांनी घेतलेली हरकत याच कारणाने योग्य आहे. पण सामायिक संपत्तीची नोंद आणि माणसाची नोंद या दोन वेगळ्या जाती आहेत. आणि गावाला ठाऊक असणे वेगळे, जगाला ठाऊक असणे वेगळे. गावातल्या माणसाला जे ठाऊक आहे त्याच्या गैरवापराची किंमत त्याला गावातच मोजावी लागते. दिल्लीत किंवा जामताऱ्यात बसून तुमचे नाव, आधार क्रमांक, बँक खाते आणि अंगठ्याचा ठसा जुळवणाऱ्याला ती मोजावी लागत नाही. आधारचे पहिले क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबारच्या टेंभली या आदिवासी गावात दिले गेले. ज्यांच्याजवळ कागद सर्वांत कमी, त्यांच्याकडूनच सर्वांत अंगभूत खूण आधी घेतली गेली. पासवर्ड बदलता येतो, अंगठा नाही.

आपल्याकडच्या माहितीचे आणखी एक वैशिष्ट्य पश्चिमेकडून आलेल्या कायद्यांत नीट मावत नाही. इथे माहिती वारसाने येते. कुणबी नोंदींच्या शोधात स्कॅन केलेले जुने कागद जिल्हा प्रशासनांच्या संकेतस्थळांवर चढवले गेले. ज्यांना दाखला हवा त्यांची मोठी सोय झाली, आणि त्या सोयीला विरोध करण्याचे कारण नाही. पण कोतवाल पंजीच्या एका पानावर फक्त अर्जदाराचा पणजोबा नसतो. त्याच पानावर इतर दहा घरांचे जन्म, मृत्यू, त्यांची जात, मृत्यूचे कारण असते. मेलेल्या माणसाला खासगीपणा कसला, असे म्हणता येईल. पण मेलेल्या पणजोबाची जात ही जिवंत पणतूची जात असते, आणि कुणी ती लपवत असेल, तर भाड्याचे घर किंवा नोकरी शोधताना तिची आपल्याकडे काय किंमत मोजावी लागते हे त्याला माहीत असते म्हणून. रेकॉर्ड रूमची खिडकी एका वेळी एक नोंद देई. स्कॅन एका वेळी पूर्ण पान देतो, आणि कुणाला दिले ते लिहून ठेवत नाही.

घरगुती पातळीवर हीच गळती झेरॉक्सच्या दुकानात होते. फॉर्म भरण्यासाठी पाठवलेले आधार, पॅन, पासबुक दुकानदाराच्या व्हॉट्सअॅपवर आणि डेस्कटॉपवर राहून जाते. त्याचा हेतू वाईट नसतो, फक्त पुसणे हे काम त्याच्या दरपत्रकात नसते. मग तो संगणक जुना होतो आणि विकला जातो. पुसलेली फाइल डिस्कवरून जात नाही. तिची जागा मोकळी अशी खूण फक्त होते. अमेरिकेत गारफिंकेल आणि शेलाट या संशोधकांनी जुन्या बाजारातून १५८ डिस्का घेतल्या. त्यांतल्या १२९ चालल्या, आणि नीट पुसलेल्या फक्त १२ निघाल्या. त्यांचा अहवाल २००३ चा आहे, आणि एका डिस्कवर बँकेच्या पैसे देणाऱ्या यंत्रातले हजारो कार्ड क्रमांक होते. भंगारात देण्याआधी फिरत्या तबकडीची डिस्क एकदा पूर्ण नव्या मजकुराने झाकणे पुरते. बंद पडली असेल तर तबकडीच मोडावी लागते. आणि लॅपटॉपवर पहिल्या दिवसापासून कूटलेखन चालू ठेवले तर ही वेळच येत नाही, फक्त किल्लीची एक प्रत कागदावर, घरातल्या दुसऱ्या माणसाकडे हवी.

उरतो तो क्लाउडचा युक्तिवाद : डिस्कची चिंता आता कंपन्यांनी घेतली, पुराचे पाणी तिथवर पोचत नाही. टिकण्यापुरते हे खरे आहे. पण क्लाउड म्हणजे दुसऱ्याची डिस्क, आणि जुन्या मांडणीतला जाब विचारण्याचा भाग तिथे कच्चा राहतो. खाते बंद झाले, वर्गणी चुकली, मोबाइल क्रमांक बदलल्यामुळे ओटीपी येईना, तर पवनीच्या माणसाने कोणत्या खिडकीवर जायचे? भारतीय कायद्याला ताबेदार कोण या प्रश्नाची जुनी सवय आहे. जालन्याच्या निवडणुकीवरून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलाश गोरंट्याल प्रकरणात १४ जुलै २०२० ला ठरले की संगणकातली नोंद पुरावा म्हणून आणायची आणि मूळ यंत्र कोर्टात हजर करता येत नसेल, तर ते सांभाळणाऱ्या माणसाचे प्रमाणपत्र हवेच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाने त्यात फाइलचा हॅश, म्हणजे एक अक्षर बदलले तरी बदलणारी आकड्यांची खूणगाठ, नोंदवायला लावली. सही-शिक्क्याची परंपरा अशी नव्या रूपात आली आहे.

खासगी माहितीच्या बाबतीत मात्र उलट प्रवास झाला. २०२३ चा संरक्षण कायदा कागदावरच्या माहितीला लागू नाही. ती स्कॅन होताच लागू होतो. म्हणजे रेकॉर्ड रूममधली प्रत्येक कोतवाल पंजी यंत्राखाली जाते त्या क्षणी तिच्यातल्या जिवंत माणसांच्या नोंदी कायद्याच्या कक्षेत येतात, पण सरकारला त्याच कायद्यात सवलतींची मोठी दारे ठेवलेली आहेत. आणि त्याच वर्षी जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात झालेल्या दुरुस्तीने, १ ऑक्टोबर २०२३ पासून, जन्म-मृत्यूंचा राष्ट्रीय साठा तयार होऊ लागला. आईवडिलांचा आधार क्रमांक असेल तर तोही नोंदीसोबत जातो, आणि मतदार याद्या, शिधापत्रिका यांसारख्या साठ्यांशी तो वाटून घेता येतो. कोतवालाच्या काळी नाव लाखनीच्या ठाण्यात थांबे आणि आकडाच वर जाई. आता नावच वर जाते. त्यामागे सोयीची चांगली कारणे आहेत. एका जन्मदाखल्यावर शाळा, परवाना, पासपोर्ट सगळे व्हावे ही अपेक्षा कुणाला नको असेल? पण मग लाखनीतल्या बाळाच्या आईला, आपल्या मुलाची नोंद कोणत्या कार्यालयाने कोणत्या तारखेला आणि कशासाठी उघडली, हे तहसीलच्या खिडकीवर एका अर्जात कळले पाहिजे. नकलेच्या पाठीवरच्या शिक्क्यात एवढी माहिती असायची, आणि ती लिहायला सर्व्हरला कारकुनापेक्षा कमी कष्ट पडतात.